वाळवंटातली वसुबारस

कतारमध्ये दिवाळीचं बहुतेक सगळं मिळतं. उटणं मिळतं, मोती साबण मिळतो, पणत्या मिळतात, चकलीची भाजणी मिळते आणि ती न जमणाऱ्यांसाठी तयार चकलीही मिळते. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी गोल्ड सूकपाशी गाडी लावायला जागा सापडत नाही, एवढीच काय ती अडचण. लक्ष्मीपूजनाला सुट्टी नसते, पण सहाला घरी येऊन साडेसातला पूजा, नैवेद्य आणि वर रांगोळी असं सगळं पार पाडणाऱ्या बायका आपल्यात कितीतरी आहेत. मिळत नाही ती फक्त गाय.

आणि दिवाळी तर वसुबारसेपासून सुरू होते. आश्विन वद्य द्वादशीला संध्याकाळी दारच्या गाय-वासराला ओवाळायचं, त्या दिवशी दूध-तूप खायचं नाही कारण दूध वासराचं, बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी करायची. बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावात यात अवघड काहीच नव्हतं. दोह्याच्या रस्त्यांवर मात्र मांजरं दिसतात, शहराबाहेर पडलं की उंट दिसतात, शेळ्यामेंढ्यांचे कळप दिसतात. गाय आडवी आली म्हणून ऑफिसला उशीर झाला, हे कारण मला इथे इतक्या वर्षांत एकदाही देता आलेलं नाही. पहिली काही वर्षं मी पाटावर तांदळाची रास घालून मातीचं गाय-वासरू ठेवायचे. बॅगेतून येताना वासराचा एक कान तुटला होता, तो फेविकॉलने चिकटवलेला. तेवढ्यावर भागायचं.

मग २०१७ साल आलं. तेव्हा इथे असलेल्यांना ५ जूनची संध्याकाळ सांगायला नको. ऐन रमजानात शेजारच्या देशांनी कतारशी संबंध तोडले. या देशाला जमिनीची सरहद्द एकच, सौदीची. तिथलं अबू सामराचं नाकं बंद झालं आणि त्या वाटेने येणारे ताज्या दुधाचे ट्रक थांबले. दुकानातली दुधाची कपाटं त्या रात्री रिकामी झालेली मी पाहिली. लोक घाबरले होते, पण आरडाओरडा नव्हता. दोनचार दिवसांत तुर्कस्तानातून विमानांनी दूध आलं. खोक्यावर तुर्की भाषेत लिहिलेलं, त्यातला 'स्युत' हा शब्द म्हणजे दूध, हे समजेपर्यंत आमच्या घरी हे दूध की ताक यावर दोन दिवस चर्चा चालली होती.

आणि जुलैत गाई आल्या, त्याही विमानाने. पहिल्या खेपेला १६५ गाई, बुडापेस्टहून कतार एअरवेजच्या मालवाहू विमानात बसून. पुढे हजारोंनी आल्या, काही आकाशातून, काही जहाजांतून. अल खोरच्या बाजूला बलदना कंपनीचा शेळ्यामेंढ्यांचा मळा होता, त्याच्या वाळूत त्यांच्यासाठी गोठे उभे राहिले. 'बलदना' म्हणजे 'आपला देश'. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर गाई इकॉनॉमीत बसल्या की बिझनेस क्लासमध्ये यावर विनोद सुरू होते. मी फोनवर आईला बातमी सांगितली तेव्हा ती म्हणाली, "गाईला इमानात बसवलं? मग मला कधी बसवताय?"

तिला बसवलं जानेवारी २०१९ मध्ये. दोन महिने राहिली. म्युझियम ऑफ इस्लामिक आर्ट पाहून म्हणाली, गारवा चांगला आहे. कॉर्निशवर फिरताना तिला समुद्रापेक्षा खजुराची झाडं आवडली, कारण त्यांना पाणी घालायला माणसं नेमली होती. पण तिला खरं पाहायचं होतं ते इमानातल्या गाईंना. एका शुक्रवारी आम्ही तिला बलदनाला घेऊन गेलो.

ज्यांनी हा रस्ता केला नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोह्याहून उत्तरेला निघालं की लुसैलच्या क्रेन मागे पडतात आणि मग दोन्ही बाजूंना पाहण्यासारखं काहीही उरत नाही. सपाट, फिकट, मधूनच एखादं काटेरी झुडूप. मला स्वतःला हा रस्ता आवडतो. डोळ्यांना विश्रांती असते. अल खोर हे जुन्या मोती काढणाऱ्यांचं गाव, त्याच्या पुढे अल ठकिराला खाऱ्या पाण्यातली तिवरांची हिरवी झाडी आहे. वाटेवर तंबूच्या आकाराचं अल बैत स्टेडियम तेव्हा बांधत होते. २० नोव्हेंबर २०२२ ला वर्ल्ड कपचा पहिला सामना तिथेच झाला. मळ्याच्या आवारात शिरलं की एकदम हिरवळ, मुलांचे झोपाळे, खाण्याची जागा. आणि काचेआड ते प्रसिद्ध चक्र.

एक प्रचंड गोल फिरता ओटा आहे. शंभरेक गाई त्यावर एका वेळी उभ्या राहतात. गाय आपणहून चढते, तिच्या सडांना नळ्या लावल्या जातात, ओटा अगदी हळू फिरत राहतो, फेरी पुरी होईतो दूध काढून झालेलं असतं आणि गाय मागे पाऊल टाकून उतरते. लगेच दुसरी चढते. मळ्यात २० हजारांहून जास्त गुरं आहेत, त्यामुळे हे चक्र थांबत म्हणून नाही. आई पहिल्या फेरीला हसली. दुसऱ्या फेरीला गप्प झाली. मग म्हणाली, "आपल्या मनानं चढत्यात बघ. कुणी हाक बी मारंना." थोड्या वेळाने, "ह्यांना वशिंड कसं न्हाई?" मी म्हटलं, होल्स्टीन जात आहे, युरोपातली. "आन् नावं?" मी कानातले बिल्ले दाखवले. आकडे होते. एवढ्या गाई आणि एकीलाही नाव नाही, हे तिला पटलं नाही. आमच्या घरी कपिली होती, तिच्या आधी तांबडी होती, आणि दोघींची वंशावळ आईला आमच्या वंशावळीपेक्षा पक्की पाठ होती.

परतताना गाडीत तिने नातीला 'दिन दिन दिवाळी' शिकवलं. नावं नसली तरी धनी कोण ते विचारता येतं, असं काहीसं ती म्हणाली.

हे गाणं सगळ्यांनाच येतं, त्यामुळे त्यात काय आहे याकडे कुणाचं लक्ष जात नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात, दिवाळी पहाटेला मुलांना धोतर-टोपी घालून आपण ते म्हणून घेतो आणि गोड वाटतं. पण ते मुळात गुराख्यांचं गाणं. आमच्याकडे दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी गुराखी मुलं लव्हाळ्याची विणलेली दिवटी घेऊन घरोघर यायची. त्या दिवटीत छोटी पणती. गोठ्यात जाऊन गाई-म्हशींना ओवाळायची, गाणं म्हणायची, आणि घरातली बाई पणतीत तेल घालायची, हातावर काहीतरी ठेवायची. गाण्यात विचारणा असते की ही जनावरं कुणाची. उत्तरात एका लक्ष्मणाचं नाव येतं. तर मग हा लक्ष्मण कुणाचा? तो त्याच्या आईवडिलांचा. आणि मग थेट घरच्या माईकडे मागणं, खोबऱ्याच्या वाटीचं. बदल्यात वाघाला झोडपून काढायचं वचन.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, लहानपणी दुसऱ्यांची गुरं राखायचे. म्हणून आईला हे गाणं गोड म्हटलेलं खपायचं नाही. "भीक न्हाई ती," ती नातीला सांगत होती. "वरीसभर गुरं राखली, वाघाच्या तोंडातनं आणली, तर खोबरं मागणारच. ठसक्यात म्हण." माझी लेक तेव्हा सहा वर्षांची. तिने वाघाची ओळ इतक्या ठसक्यात म्हटली की नवऱ्याने गाडीचा वेग कमी केला.

मला त्या वेळी गंमत वाटली होती ती दुसऱ्याच गोष्टीची. इथल्या मुलांचंही असं एक मागायचं गाणं आहे. रमजानच्या चौदाव्या रात्री गरंगाव असतो. कतारी मुलं जरीचे नवे कपडे घालून, गळ्यात कापडी पिशव्या अडकवून शेजारपाजारच्या दारांवर गाणं म्हणत जातात आणि बाया त्यांच्या पिशव्यांत सुकामेवा आणि गोळ्या ओततात. कटाराला, सूक वाकिफला आता त्याचे मोठे कार्यक्रम होतात, आपलीही मुलं रांगेत उभी असतात. आमच्या मजल्यावर एक सुदानी कुटुंब राहतं. त्या बाईंनी मला त्या गाण्याचा अर्थ सांगितला होता. आम्हाला द्या, देव तुम्हाला देईल, तुम्हाला मक्केची यात्रा घडवील. आणि तुमच्या घरचा अब्दुल्ला सुखरूप राहो. कुठला अब्दुल्ला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ज्या घरी मागायला गेलात त्या घरचा मुलगा. तो कुणीही असो.

तिकडे लक्ष्मण, इकडे अब्दुल्ला. आईला हे सांगितल्यावर तिने एवढंच विचारलं, "खोबरं देत्यात का?"

२०२१ च्या एप्रिलबद्दल मी फार लिहिणार नाही. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे आपापला एप्रिल आहे. गरंगावच्या त्या रात्री दारावर मुलं आली नाहीत, कारण कुणीच कुणाकडे जात नव्हतं. सुदानी बाईंच्या बंद दारामागून त्यांच्या मुलांचं गाणं ऐकू येत होतं. त्याच दुपारी आईला तालुक्याच्या गावी ऑक्सिजन लावला होता. त्या आठवड्यापासून भारतातून कतारला परत येणाऱ्यांना हॉटेलात दहा दिवस विलगीकरण होतं, पण अडचण ती नव्हती. भाऊ म्हणाला, "तू आलीस तरी तुला आत सोडणार नाहीत. मलाच सोडत नाहीत." मे महिन्यात आपल्या नौदलाची 'त्रिकंड' युद्धनौका इथल्या हमाद बंदरातून द्रवरूप ऑक्सिजन घेऊन मुंबईला गेली. बातमी वाचली तेव्हा आईला जाऊन चार दिवस झाले होते. अंत्यविधी मी फोनच्या पडद्यावर पाहिला, तोही मधेमधे अडकत.

त्यानंतर वडील बोलेनासे झाले. म्हणजे बोलायचे, पण मोजकं. जेवलात का? हो. गोळ्या घेतल्या का? हो. बरं ठेवते. मी रोज फोन करायचे आणि रोज दीड मिनिटात ठेवायचे. गोठा आधीच रिकामा झाला होता. आई आजारी पडली तेव्हा भावाने कपिलीची नात पावण्यांकडे दिली होती.

दिवाळी आली तेव्हा प्रश्न होता की ती करायची की नाही. माहेरी दुखवट्याचं वर्ष, तिथे आकाशकंदील लागणार नव्हता, फराळ घरी व्हायचा नव्हता, भावकीतून यायचा होता. लग्न झालेल्या मुलीला ते बंधन नाही, असं एक मत. मन नसेल तर कशाला, असं दुसरं. आपल्या मंडळातल्या मैत्रिणींनी हा शास्त्रार्थ ऐकून घेतला आणि मग विचारायचं सोडून दिलं. ऑक्टोबरच्या शेवटी एकीने चकल्या आणल्या, एकीने अनारसे, एकीने चिवड्याचा एवढा मोठा डबा की तो फ्रीजवर ठेवावा लागला. भावकी म्हणजे काय, हे मला इथे कळलं. घर फराळाने भरलं तरी कंदील मी लावला नव्हता.

वसुबारस त्या वर्षी १ नोव्हेंबरला, सोमवारी होती. आधीच्या शुक्रवारी लेक म्हणाली, आजीच्या गाई बघायला जाऊ या. एहतेराज अ‍ॅपवरचा हिरवा रंग दाखवून आम्ही आत गेलो. उघड्यावर मास्क घालायची सक्ती नुकतीच उठली होती, त्यामुळे अनोळखी माणसांच्या हनुवट्या पुन्हा दिसू लागल्या होत्या आणि त्याचंच नवल वाटत होतं. चक्र फिरत होतं. गाई चढत होत्या, उतरत होत्या. आई जिथे उभी होती तिथे केरळचं एक मोठं कुटुंब फोटो काढत होतं.

लेक आता आठ वर्षांची. तिने काचेला नाक लावून ते गाणं म्हणायला सुरुवात केली. आधी पुटपुटत, मग मोठ्याने. केरळी आजीबाई वळून हसल्या. मी तिला गप्प करणार होते, पण तोवर ती लक्ष्मणापाशी आली होती. हा कुणाचा, असं गाणं विचारतं आणि आईबापाचा असं स्वतःच सांगून टाकतं. मे महिन्यापासून लोक मला नाना गोष्टी सांगत होते: वेळ हेच औषध, सुटली बिचारी, आता वडिलांकडे बघ. सगळं खरं होतं आणि त्यातलं काही आत पोहोचत नव्हतं. या गाण्याने माझं काहीच सांत्वन केलं नाही. त्याने फक्त विचारलं, कुणाची. आणि उत्तर जुनंच होतं, आई गेल्याने ते बदललेलं नव्हतं. मी तिथे रडले, बऱ्यापैकी रडले, आणि लेकीने वाघाची ओळ दोनदा म्हटली, कारण मी ऐकत नाही असं तिला वाटलं.

बाहेर शेळ्यांच्या कुंपणापाशी एक नेपाळी कामगार चारा टाकत होता. त्याने गाणं ऐकलं होतं. हिंदीत म्हणाला, आमच्याकडेही आता तिहार आहे, गाईच्या गळ्यात हार घालतात, आणि रात्री मुलं देउसी-भैलो म्हणत घरोघर जातात. तीन वर्षं तो गावी गेला नव्हता. त्याने अर्थ विचारला, मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितला. वाघाला काठीने मारतात हे ऐकून तो खूप हसला. तो चितवनचा. "दीदी, हमारे यहाँ बाघ सच में आता है. काठी से नहीं मानता." मग त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो चाऱ्याची गाडी ढकलत गेला.

तो गेल्यावर मी बराच वेळ त्या बाजूला बघत होते. दुसऱ्यांची जनावरं राखायची, सणाला दुसऱ्यांच्या दारी दिवा दाखवायचा, आणि वर्षाच्या शेवटी आपलं खोबरं ठसक्यात मागायचं. आजोबांनी ते बार्शीत केलं, तो इथे करतो. आमच्या नवरा-बायकोच्या हातात दिवटीऐवजी लॅपटॉप आहे, बाकी फारसा फरक मला दिसत नाही.

सोमवारी ऑफिसातून येऊन मी बाजरीच्या भाकरी केल्या. गवार गोठवलेली मिळाली, चालली. तुटक्या कानाचं वासरू आणि त्याची आई पाटावर मांडली. लव्हाळं इथे कुठलं, म्हणून लेकीने खजुराच्या झावळीची पानं विणून काहीतरी केलं आणि त्यात पणती बसवली. ती दोनदा कलंडली. मग आम्ही गावी व्हिडिओ लावला. भावाने फोन वडिलांसमोर धरला. जेवलात का? हो. गोळ्या? हो. मी लेकीकडे पाहिलं. तिने पणती धरली आणि गाणं म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आजीने शिकवलं तसं.

वडील पडद्यात खूप जवळ आले, त्यांचं कपाळच तेवढं दिसत होतं. म्हणाले, "पाठ चांगलं केलंय. पण चाल दोह्याची झालीय." आणि त्यांनी तिला चाल दुरुस्त करून दिली. बसक्या आवाजात, दोन ओळी. मग विचारलं, "त्या तुमच्या इमानातल्या गाई, किती दूध देत्यात?" मी म्हटलं, दिवसाला ३० लिटरच्या वर. ते म्हणाले, शक्य नाही. मी म्हटलं, विचारून आलेय. ते म्हणाले, मग पाणी किती पितात? आणि वैरण कुठली? आणि वाळूत उन्हाळ्यात तगतात कशा? मी गोठ्यातले मोठे पंखे आणि पाण्याचे फवारे सांगितले. त्यावर त्यांनी वीजबिल विचारलं. ते मला माहीत नव्हतं. त्या रात्री आम्ही बावीस मिनिटं बोललो, आणि फोन ठेवताना ते म्हणाले की बिलाचं तेवढं विचारून ठेव.